गवताला खत परवडते काय?
आदिलाबादच्या चराऊ रानांचा हिशेब



 शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास किंवा संतवाङ्मय यांवर बोलण्याची प्रथा आहे. त्या मानाने मी निवडलेला विषय काहीसा रुक्ष वाटेल. मी गवतावर बोलणार आहे, आणि तेही गवताच्या सौंदर्यावर नव्हे, तर त्याच्या जमाखर्चावर. परंतु पैनगंगेच्या या काठावरील ज्या घरांतून आपण शाळेत आलो, त्या घरांची फी कापसाने भरली आणि तो कापूस बैलजोडीने पिकविला. त्या बैलांनी जे खाल्ले त्याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. तो आज मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रश्न अगदी साधा आहे. बेला, जैनद, तांसी या भागातील शेतकरी कपाशीला युरियाच्या गोण्यांमागून गोण्या घालतो. पण ज्या रानात त्याची गुरे चरतात, त्या रानातील गवताला तो मूठभरही खत घालीत नाही. हा अडाणीपणा आहे की शहाणपण? माझे उत्तर असे की, बहुतांशी ते शहाणपण आहे. मात्र ते ज्या कारणांमुळे शहाणपण ठरते, ती कारणे निसर्गाने घातलेली नाहीत. पुष्कळशी आपणच निर्माण केलेली आहेत, आणि म्हणून बदलताही येतील. हे विधान आता पायरीपायरीने उलगडून दाखवितो.

येथे एक खुलासा करतो. २०१६ च्या ऑक्टोबर महिन्यात जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, कुमराम भीम आसिफाबाद, मंचिर्याल आणि निर्मल असे चार जिल्हे झाले. माझ्या विवेचनात ‘आदिलाबाद’ म्हणजे हा जुना, अखंड जिल्हा समजावा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके येथून पलीकडे गेले. तरी गवत, गुरे आणि भाषा यांचा धागा तुटलेला नाही.

परदेशातील कुरणांचा हिशेब

उष्ण कटिबंधातील कुरणांना खत घालण्याचे अर्थशास्त्र मुख्यतः दोन देशांत घडले : ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आणि ब्राझीलमध्ये. या दोन्ही ठिकाणी गुरे मांसासाठी पोसली जातात. जनावराचे वजन हेच तेथील पीक. त्यामुळे तेथील पशुपालकाची साखळी सरळ आहे : खतातील एक किलो नत्राने किती गवत वाढले, त्यातील किती जनावराच्या पोटात गेले, त्यापासून किती वजन वाढले, आणि त्या वजनाला बाजारात काय मिळाले. या चार कड्यांचा गुणाकार खताच्या खर्चापेक्षा अधिक आला तर खत परवडले, नाहीतर नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर टाउन्सव्हिल स्टायलो नावाचे द्विदल चारापीक नैसर्गिक गवतात पेरले जाऊ लागले, आणि त्याला सुपर फॉस्फेट देण्यात येऊ लागले. युक्ती अशी की, द्विदल पीक हवेतील नत्र स्वतःच घेते. पशुपालकाने केवळ स्फुरद पुरवावयाचे. पण १९७४ च्या सुमारास गोमांसाचे भाव कोसळले आणि जगभर खते महागली. एकाच वेळी एक भाव खाली आणि दुसरा वर गेल्यावर अनेकांनी खत थांबविले. त्याच दशकात बुरशीच्या करपा रोगाने टाउन्सव्हिल स्टायलोची कुरणे उद्ध्वस्त केली आणि त्याच्या जागी हमाटा व सेका या जाती आल्या. पुढे एक शहाणपणाचा धडा तेथे रुजला : स्फुरद एकरोगणती जमिनीवर फेकण्यापेक्षा तो मिठातून थेट जनावराच्या तोंडी देणे स्वस्त पडते.

ब्राझीलमध्ये सेराडो नावाच्या विस्तीर्ण माळरानावर आफ्रिकेतून आणलेले ब्रॅकिअॅरिया गवत पेरले गेले. सुरुवातीची काही वर्षे ते जोमाने वाढले. पण खत न देता वर्षानुवर्षे चरविल्याने कुरणे खंगत गेली. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘एम्ब्रापा’ या तेथील कृषिसंशोधन संस्थेने पुढे पिके आणि कुरण यांची पाळी लावण्याची पद्धत रूढ केली. सोयाबीनला वा मक्याला दिलेल्या खताचा उरलेला अंश गवताला मिळतो. म्हणजे खताचे पैसे पीक फेडते आणि गवत त्या शिल्लकीवर वाढते.

या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांचा सारा व्यवसायच जनावराच्या वजनावर चालतो, तेही गवताला सरसकट युरिया घालीत नाहीत. ते आधी स्वस्त वाट शोधतात.

कागदावरचा नफा

आता आपल्याकडे येऊ. २०१८ पासून युरियाची गोणी ५० ऐवजी ४५ किलोची झाली. शेतकऱ्यास ती करांसह सुमारे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे एका गोणीत २०.७ किलो नत्र आणि एका किलो नत्राची किंमत सुमारे १३ रुपये. अनुदान नसेल तर काय होईल? समजा, जागतिक बाजारात युरियाचा भाव टनाला ४०० डॉलर आहे आणि डॉलर ८५ रुपयांचा आहे. तर एका किलो नत्राला सुमारे ७४ रुपये पडतील. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या हाती आलेले नत्र हे अतिशय स्वस्त नत्र आहे.

हे नत्र आपल्या बरड रानातील कुसळीवर टाकले, असे समजा. पेरलेल्या सुधारित गवताला भरपूर पाऊस मिळाल्यास एका किलो नत्रामागे ३० किलो कोरडे गवत वाढते, असे धरता येते. आपल्या रानातील गवतासाठी १० किलोच धरू. तुडविले गेलेले, वाळलेले, जळलेले वजा जाता त्यातील ४० टक्के, म्हणजे ४ किलो जनावराच्या पोटात जाईल. १२ किलो कोरड्या चाऱ्याला १ किलो वजन, असा हिशेब धरला तर वजनवाढ एक तृतीयांश किलो. जिवंत वजनाला किलोमागे १५० रुपये भाव धरला, तर मिळकत ५० रुपये. खर्च १३ रुपये.

म्हणजे कागदावर जवळजवळ चौपट! ज्या रानात नत्र ७४ रुपयांचे पडले असते, तेथे हाच व्यवहार तोट्याचा ठरला असता. पण अनुदानाच्या युरियाने तो फायद्याचा दिसतो. मग आपल्या जिल्ह्यात हे कोणीच का करीत नाही? शेतकऱ्याला चौपट नफा कळत नाही, असे मानणे हा त्याचा अपमान होईल. खरे कारण असे की, मी आता मांडलेल्या हिशेबात तीन प्रश्न लपून राहिले आहेत. ते गवत कोणाचे? ते कोणत्या महिन्याचे? आणि ते कोणत्या जनावराच्या पोटात जाते?

पहिला प्रश्न : गवत कोणाचे?

एका गावात गायरानावर २०० गुरे चरतात, त्यांतील दोन माझी आहेत, असे समजू. मी एक गोणी युरिया गायरानावर फेकला. वरच्याच हिशेबाने २०७ किलो गवत वाढले, ८३ किलो खाल्ले गेले, सुमारे ७ किलो वजन वाढले आणि त्याचे १०३५ रुपये झाले. गावाच्या दृष्टीने हा व्यवहार उत्तम आहे. पण माझ्या दोन गुरांच्या वाट्याला शंभरावा हिस्सा, म्हणजे दहा रुपये आले. माझ्या खिशातून मात्र २६६ रुपये गेले. शिवाय गोणी वाहून नेण्याची मजुरी वेगळी. तीच गोणी मी माझ्या वावरात कपाशीला दिली तर तिचे सारे फळ माझे. अशा स्थितीत गायरानाला खत न घालणारा माणूस मूर्ख नसून हिशेबी आहे.

या रानांची मालकी हा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील दुखरा भाग आहे. निजामाच्या राजवटीत जंगलात गुरे चारण्यावर कर होता. त्या कराविरुद्धचा आणि जंगलखात्याच्या जाचाविरुद्धचा रोष हे कुमराम भीम यांच्या उठावामागील एक प्रमुख कारण होते. जोडेघाटच्या परिसरात १९४० मध्ये त्यांना वीरमरण आले. त्यानंतर या भागात आलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीही गोंडांच्या जमीन व जंगलविषयक गाऱ्हाण्यांची नोंद केली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, त्या काळी गवतावर कर होता, पण गवतासाठी खर्च नव्हता. सरकारने रानाकडून घेतले. रानाला परत काही दिले नाही.

स्वातंत्र्यानंतर कर गेले, पण दृष्टी फारशी बदलली नाही. अलीकडचे उदाहरण घ्या. २०१७ मध्ये तेलंगण शासनाने मेंढीवाटपाची योजना सुरू केली. प्रत्येक लाभार्थी मेंढपाळास ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि १ मेंढा असा गट देण्यात येऊ लागला. मेंढपाळ कुटुंबांना उत्पन्नाचे साधन मिळावे, हा हेतू चांगलाच होता. पण मेंढ्यांसाठी अनुदान असताना त्या मेंढ्या जे खाणार त्या गवताची तरतूद कोठे होती? मेंढी ज्याची त्याची, गवत मात्र कोणाचेच नाही. ज्या वस्तूला धनी नाही, तिच्यावर खर्च करण्यास कोणीही पुढे येत नाही, हा नियम येथे पुन्हा दिसतो.

दुसरा प्रश्न : कोणत्या महिन्याचे गवत?

आपल्याकडे बहुतेक पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडतो. खताचा उपयोग ओल असतानाच होतो. म्हणजे युरियाने जे गवत वाढेल ते ऑगस्ट-सप्टेंबरात वाढेल. पण ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या रानात गवताची टंचाई असतेच कोठे? तेव्हा बांधावरही गुडघाभर गवत असते. टंचाई असते ती एप्रिल, मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात.

सप्टेंबरचे गवत मे महिन्यापर्यंत उभे राहत नाही का? राहते, पण ते गवत राहत नाही, काड्या होतात. कोवळ्या पावसाळी गवतात प्रथिने आठ-दहा टक्क्यांपर्यंत असतात. वाळून उभ्या राहिलेल्या कुसळीत ती तीन-चार टक्क्यांवर येतात. प्रथिनांचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांखाली गेले की जनावराच्या पोटातील सूक्ष्म जंतूंना नत्र पुरत नाही. चारा पचण्यास वेळ लागतो, पोट भरलेलेच राहते आणि जनावर खाणे कमी करते. समोर गवत असूनही बैल हडकतो, तो यामुळे. शिवाय उभे वाळलेले गवत म्हणजे वणव्याचे सरपण. खत घालून वाढविलेले आणि न कापलेले गवत उन्हाळ्यात अधिक मोठा जाळ करते, एवढेच.

यावर उपाय ठाऊक आहे. फुलोऱ्याच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात गवत कापावे, वाळवावे आणि गंजी रचावी. पण नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे सोयाबीनची कापणी येते आणि मागोमाग कापसाची वेचणी. वर्षातील सर्वांत महाग मजूर या महिन्यात असतो. जो मजूर कापूस वेचून रोज मिळवू शकतो, त्याला गवत कापण्यास लावणे कोणास परवडेल? म्हणून मी म्हणतो की, आदिलाबादेत गवताची टंचाई ही खऱ्या अर्थाने गवताची टंचाई नाही. ती ऑक्टोबरातील हातांची टंचाई आहे. ती युरियाने भरून निघणारी नाही.

याच्या उलट पालघर-वाडा भागाचे उदाहरण आहे. तेथील गवत कापून, त्याच्या गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना पुरविण्याचा व्यापार दीर्घकाळ चालत आला. तेथे गवताला धनी होता, गिऱ्हाईक होते आणि भाव होता. म्हणून मजुरी परवडली. गवत तेच, व्यवस्था वेगळी.

आपल्या भागात पूर्वी ही उणीव ज्वारीने भरून काढली होती. आदिलाबाद हा ज्वारीचा जिल्हा होता. ज्वारीचा कडबा हाच बैलांचा उन्हाळी आधार. पुढे कपाशी आणि सोयाबीन वाढत गेले, ज्वारी आक्रसली आणि कडबा गेला. कपाशीच्या पऱ्हाट्या गुरे खात नाहीत. सोयाबीनचे कुटार कडब्याची बरोबरी करू शकत नाही. पीक बदलताना दाण्याचा आणि बोंडाचा भाव आपण पाहिला. वैरणीचा भाव कोणी पाहिला नाही. तो तोटा वहीत दिसला नाही, बैलांच्या बरगड्यांत दिसला.

तिसरा प्रश्न : कोणत्या जनावराच्या पोटात?

मघाच्या हिशेबात मी वजनाला किलोमागे १५० रुपये धरले. क्वीन्सलँडमध्ये असे धरणे योग्य आहे. आपल्याकडे गाय-बैल वजनावर विकलेच जात नाहीत. आपल्या बाजारात बैलाचे दात पाहतात, खांदा पाहतात, चाल पाहतात, जोडी जुळते की नाही ते पाहतात. लाल कंधारी, देवणी वा गवळाऊ जातीचा बांधा असेल तर किंमत चढते. सप्टेंबरात बैल वीस किलोंनी भरला म्हणून त्याचे कोणी वेगळे पैसे देत नाही. जूनमध्ये वखराला जुंपताना तो उभा राहू शकतो की नाही, याला मात्र फार किंमत आहे. पण ते, आपण पाहिले त्याप्रमाणे, उन्हाळ्यातील वैरणीवर अवलंबून आहे.

कायद्याचाही यात भाग आहे, आणि तो मी केवळ जमाखर्चाच्या दृष्टीने सांगतो. आंध्र प्रदेशात १९७७ मध्ये झालेला आणि पुढे तेलंगणात लागू राहिलेला कायदा गाय व वासरे यांच्या कत्तलीस मनाई करतो. कामास वा पैदाशीस निरुपयोगी ठरलेल्या बैलांसंबंधी तो प्रमाणपत्राची अट घालतो. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे एकाच नदीच्या दोन काठांवर म्हाताऱ्या बैलाची कायदेशीर स्थिती निराळी आहे. यामागील श्रद्धा आणि वाद यांत मी शिरत नाही. परंतु मांसासाठी गुरे पोसणाऱ्या देशांचे कोष्टक येथे जसेच्या तसे लावता येणार नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

मग आपल्याकडे कोणत्या जनावराच्या पोटात गेलेल्या चाऱ्याचे पैसे होतात? दुभत्या म्हशीच्या आणि गाईच्या. दुधाचे पैसे रोजचे रोज किंवा पंधरवड्याला मिळतात. चारा सुधारला की दूध वाढलेले त्याच आठवड्यात दिसते. शेळ्या-मेंढ्यांच्या वजनालाही भाव आहे. म्हणून खताचा रुपया दुधाच्या वाटेने परत येऊ शकतो; बैलाच्या वाटेने तो परत येण्यास फार उशीर लागतो.

उलटा प्रवाह

आतापर्यंत खत रानात जावे काय, हे पाहिले. पण खत रानातून बाहेर येत असते, हे आपण विसरतो. गुरे दिवसभर रानात चरतात आणि रात्री गोठ्यात बांधली जातात. शेण उकिरड्यावर जाते, उकिरडा वैशाखात वावरात जातो. धनगराला पैसे किंवा धान्य देऊन शेतात मेंढ्या बसविणे म्हणजे तरी काय? रानातील नत्र, स्फुरद आणि पालाश पोत्याऐवजी जनावराच्या पोटातून वावरात आणणे. आपल्या कपाशीच्या काळ्या जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या बरड रानाने असे पोसले. रानाचे मात्र दरवर्षी थोडे थोडे भांडवल खर्ची पडत गेले. मारवेल आणि पवन्या यांसारखी चांगली गवते मागे हटून कुसळी पुढे सरकते, ती अतिचराई आणि ही झीज यांच्या एकत्रित परिणामाने.

युरिया आल्यावर या जुन्या व्यवहाराचे काय झाले, ते पाहा. शेणखतात साधारणपणे अर्धा टक्का नत्र असते. पाच क्विंटलांच्या एका गाडीत अडीच किलो. म्हणजे युरियाच्या एका गोणीतील नत्रासाठी आठ गाड्या शेणखत लागेल. २६६ रुपयांत आठ गाड्यांचे काम होत असेल, तर उकिरडा कोण उपसणार? पण गाडीभर शेणखतात नत्राबरोबर स्फुरद, पालाश, गंधक, जस्त आणि जमीन धरून ठेवणारा सेंद्रिय भाग असतो. गोणीत केवळ नत्र असते. स्वस्त युरियाने आपल्याला शेणाची फक्त अर्धी किंमत करावयास शिकविले.

मग काय करावे?

केवळ ‘परवडत नाही’ असे सांगून थांबणे बरोबर नव्हे. म्हणून खर्चाच्या चढत्या क्रमाने चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट : रानाला विसावा. हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, पाणी अडविले, आणि गवत कापून न्यावे असा नियम केला. तेथे चारा वाढला आणि त्याच्यामागोमाग दूध वाढले. रानावर युरियाची गोणी फेकावी लागली नाही. गायरानाचे तीन भाग करून एक भाग पावसाळ्यात बंद ठेवणे, ही बिनपैशाची सुधारणा आहे. तिला लागतो तो गावाचा ठराव आणि तो पाळण्याची शिस्त.

दुसरी गोष्ट : युरिया गवतावर न टाकता वाळल्या वैरणीवर टाकणे. निर्मल आणि मंचिर्यालच्या बाजूस, श्रीरामसागर व कडेम प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात, भाताचे तणस मुबलक निघते. १०० किलो कापलेल्या तणसावर ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, तुडवून दाबावे आणि प्लास्टिकच्या कागदाखाली हवाबंद करून २१ दिवस ठेवावे. उघडल्यावर उग्र वास जाऊ द्यावा, मग खाऊ घालावे. तणसातील प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात आणि पचनही सुधारते. खर्च क्विंटलमागे युरियाचे २४ रुपये. एक गोणी गायरानावर फेकली तर ८३ किलो गवत पोटात जाते; तीच गोणी तणसावर वापरली तर ११ क्विंटल वैरण सुधारते, तीही मे महिन्यात, आणि सर्वस्वी आपल्याच दावणीला. मघाचे तिन्ही प्रश्न येथे एकदम सुटतात. मात्र युरिया हे जनावराला थेट विषच आहे. त्याचे पाणी गुरांच्या तोंडी लागू देऊ नये, आणि सहा महिन्यांखालील वासरांना ही वैरण देऊ नये.

तिसरी गोष्ट : द्विदल चारा. बांधावर, पडीक तुकड्यावर पहिल्या पावसाबरोबर हमाटा स्टायलो विस्कटून टाकावा आणि थोडे सुपर फॉस्फेट द्यावे. नत्र तो हवेतून घेतो. ऑस्ट्रेलियाने महाग अनुभवातून शिकलेला हा धडा आपल्याला स्वस्तात घेता येतो. झाशी येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्थेने अशा चारापिकांवर दीर्घकाळ काम केले आहे.

चौथी गोष्ट : विहिरीजवळचे दहा गुंठे. ज्याच्याकडे पाणी आणि दुभती जनावरे आहेत, त्याने संकरित नेपिअरसारखे गवत लावावे आणि त्याला प्रत्येक कापणीनंतर बेधडक नत्र द्यावे. येथे गवताला धनी आहे, बारमाही ओल आहे आणि दुधाला रोजचा भाव आहे. दहा गुंठ्यांत दोन जनावरांना रोज पुरेल इतका हिरवा चारा निघू शकतो. एवढी काळजी घ्यावी की, भरमसाट युरिया देऊन पाण्याचा ताण पडल्यास चाऱ्यात नायट्रेट साठते आणि ते घातक ठरू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गवताला खत परवडते काय? परवडते, पण ज्या गवताला धनी आहे, जे वेळेवर कापले जाते आणि ज्याचे दूध वा वजन होऊन भाव मिळतो, अशाच गवताला. हे तीन नसतील, तर कितीही स्वस्त खत हे महागच आहे. आधी व्यवस्था, मग गोणी, असा क्रम आहे.

आणि व्यवस्था हा आपल्या हातातील भाग आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा समावेश सामूहिक हक्कांत केला आहे. प्राणहितेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून, गाव आपल्या जंगलाचा धनी होऊ शकतो हे बांबूच्या बाबतीत दाखवून दिले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी स्पष्ट निर्देश दिले आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीने गवतावरील कराविरुद्ध झगडा केला. आपल्या पिढीने गवताची जबाबदारी घेण्याची वेळ आली आहे. हक्क मिळाला आणि जबाबदारी घेतली नाही, तर गायरानाचे प्रथम ओसाड माळ आणि नंतर भूखंड होण्यास वेळ लागत नाही.

येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत कोणी सरपंच आहेत, कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी महसूल खात्यात. आपणांस एकच विनंती करतो. पुढच्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या गावच्या गायरानाचा सात-बारा असो की पहाणी, ती काढून पाहा. कागदावर किती एकर आहे आणि जागेवर किती उरले आहे, ते मोजा. आणि ते दोन आकडे ग्रामसभेपुढे वाचून दाखवा. खताचा हिशेब त्यानंतर आपोआप सुरू होईल.